दोन पाळ्यांची घोंगडी

घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. मऊ बोलणं मला जमत नाही, म्हणून जे आहे ते आधीच सांगून टाकते. अंकुश गेला. दिवसा माझ्याखाली झोपणारा अंकुश गेला. रात्री झोपणारा राघोबा, त्याचा धाकटा भाऊ, तो आहे.

हे खरं तर मागाहून सांगायचं असतं. आधी जन्म सांगायचा, मग मालक, मग दिवस कसे गेले ते. पण पोटात दाबून ठेवून गोष्ट सांगत बसण्याचा धीर मला नाही. सांगून मोकळी झाले. आता पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म भीमेच्या काठावरचा. ज्या काठावर इंग्रजांचं राज्य, त्या काठावरचा. समोर नदी आणि नदीपलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. मेंढ्यांच्या अंगावर होते तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मेंढ्या दोन्ही राज्यांचं पाणी एकाच तोंडानं पीत. मग त्यांना नदीत धुतलं, कातरलं, लोकर पिंजली, म्हाताऱ्यांनी सूत काढलं आणि गावच्या सणगरानं मला खड्ड्यातल्या मागावर विणलं. वरून चिंचोक्याची खळ चोपडली. उन्हात वाळले तेव्हा मी फळीसारखी ताठ उभी राहत होते.

अंकुश आणि राघोबाच्या आईनं, चंद्रभागाबाईनं, ज्वारी घालून मला घेतलं. सणगर म्हणाला, "मावशी, पोरं दोन आन घोंगडी एक?"

"दोगं सख्खे भाऊ हाईत," ती म्हणाली. "एकीत मावत्याल."

मावत नसत. एकाचे पाय बाहेर, नाहीतर दुसऱ्याची पाठ. पण भांडत भांडत झोपत आणि झोपल्यावर भांडण विसरत. माझं बालपण म्हणायचं तर हेच.

त्याच गावचा किशनराव गुलबर्ग्याच्या कापडगिरणीत कामाला होता. जत्रेला आला तेव्हा त्यानं अंकुशला सांगितलं, ये, तुला लावून देतो. अंकुशला यंत्रांचं वेड. मोटेचं चाक कुरकुरलं तरी तो कान लावून बसायचा. तो निघाला. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि मला त्याच्या डोक्यावर ठेवलं. उन्हाळा होता, नदीला कमरेइतकं पाणी. मधल्या धारेत पोचलो असू, तर मागे धबाधब आवाज. राघोबा अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून येत होता. ना गाठोडं, ना पायात वहाण.

"तू कामून आलास रं?" अंकुश पाण्यात उभा राहून ओरडला.

"घोंगडी एकच हाय," राघोबा म्हणाला. "तू घेऊन जायलास. मी काय पांघरू?"

अंकुशनं काठावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आईनं हात हलवला. जा म्हणाली की ये म्हणाली ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही. दोघांनी जा असंच धरलं.

पलीकडच्या काठावर अफजलपूरच्या वाटेला नाका होता. इकडचा नवा माल तिकडे न्यायचा तर कर. नाक्यावरच्या शिपायानं मला चाचपलं. मी तेव्हा नवीच होते, खळ पुरती मोडली नव्हती.

"ये तो नवा माल है," शिपाई म्हणाला.

"नवी कुठली साहेब? जुनी हाय," राघोबा म्हणाला. आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं मला तिथंच रस्त्यात अंथरलं आणि वर आडवा झाला. "बगा. नव्या घोंगडीवर अशी झोप येती व्हय? टोचत न्हाई का?" आणि खरोखर घोरायला लागला. सोंग होतं की दमून झोप लागली, मला आजवर कळलं नाही. शिपाई इतका हसला की त्याची पगडी डोळ्यांवर आली. "उठा तेरे भाई को," तो अंकुशला म्हणाला, "और लेके जा."

असे आम्ही परदेशात शिरलो.

परदेश म्हणजे काय, ते त्या दोघांच्या अंगाच्या वासावरून मला कळत गेलं. गुलबर्ग्याला पोचल्यावर त्यांच्या घामाचा वास बदलला. त्यात गिरणीच्या तेलाचा, कापसाच्या धुळीचा आणि एकटेपणाचा वास आला. एकटेपणाला वास असतो, तो तव्यावर राहिलेल्या भाकरीसारखा असतो.

गावाहून आणलेलं नाणं इथला वाणी घेईना. म्हणाला, हे इंग्रजांचं कलदार, आमच्याकडं निजामाचं हाली चालतं. राघोबा त्याच्याशी भांडला, नाणं चांदीचंच आहे म्हणून. वाण्यानं ते शांतपणे त्याच्या हातात परत ठेवलं. त्या दिवशी दोघं गूळ-पाण्यावर झोपले. सुट्टी इथं शुक्रवारी. रविवारी उठून राघोबा वेशीपर्यंत हिंडून आला आणि कामावर गैरहजेरी पडली. दुकानांवरच्या पाट्या उर्दूत, उलट्या बाजूनं लिहिलेल्या. राघोबा गावच्या शाळेत जेमतेम बसला होता. त्याला सुलट्या बाजूच्याही नीट येत नव्हत्या, पण उलट्या पाहून त्याला फार राग यायचा. नळावर बायका कानडीत बोलत, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, दखनीत ओरडे, शेजारचा तेलंगी गुणगुणे. राघोबानं सगळ्यांत आधी एक शब्द उचलला, "नक्को." सगळ्याला तेच उत्तर. नळावर कुणी पुढं जा म्हटलं तरी, "नक्को."

"आरं, पुढं जा म्हनायलेत ती," अंकुश हसायचा. "पुढं जायला बी नक्को व्हय?"

किशनरावनं पोचल्या पोचल्याच दोघांना कामाला लावलं होतं, पण एका पाळीत जागा नव्हती. अंकुशला रात्रपाळी मिळाली, राघोबाला दिवसपाळी. खोली मिळाली ती गिरणीमागच्या रांगेतली. खिडकी नाही. आधीच्या भाडेकरूच्या चुलीनं भिंती काळ्या केलेल्या. मी त्या भिंतीसारखीच दिसायची. अंधारात राघोबा मला शोधत भिंतीवर हात फिरवायचा.

आणि तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. सकाळी राघोबा उठून जायचा. तो उठल्यावर माझ्यात त्याची ऊब असायची, तेवढ्यात अंकुश गिरणीतून येऊन तीच ऊब अंगावर ओढायचा. संध्याकाळी अंकुश उठायचा, राघोबा शिरायचा. मी कधी गार पडलेच नाही. मला कुणी घडी घातली नाही, कुणी झटकलं नाही. दुसऱ्या घोंगड्यांना दिवसा खुंटी असते. मला दिवसाही माणूस होतं.

दोघं भेटत ते फक्त गिरणीच्या फाटकात. भोंगा झाला की एक बाहेर पडायचा, एक आत जायचा. अंकुश नेहमी फाटकाच्या डाव्या खांबापाशी उभा राहायचा. तिथं थांबायला कुणी द्यायचं नाही, तेवढ्यात जे बोलायचं ते.

"पीठ संपलंय."

"आनतो."

"सपनात म्हैस पान्यात बसून हाय."

"बगतो."

हे शेवटचं तुम्हाला कळलं नसेल. सांगते. लोकरीत ऊब राहते तसं स्वप्नही राहतं. अंकुश दिवसा झोपला की त्याला आमची नदी दिसायची. नदीत म्हैस बसलेली, ती काही केल्या उठेना. भोंगा झाला की त्याला स्वप्न तसंच टाकून उठावं लागे. मग राघोबा माझ्यात शिरायचा आणि थोड्या वेळानं त्याच्या झोपेत तीच नदी, तीच म्हैस. तो तिला शेपूट पिरगाळून बाहेर काढायचा. दुसऱ्या सकाळी फाटकात म्हणायचा, "अण्णा, म्हैस काढली भायेर. पर ती मोगलाईच्या काठाला लागली."

"गाढवा, आपल्या काठाला न्यायची."

"दोर सोडूनशान आलतास तू. मी काय करू?"

पहिल्यांदा दोघं याला थट्टाच समजले. पण मग एकदा अंकुशनं स्वप्नात आईला चुलीपाशी सोडलं आणि तिनं थापलेली भाकरी राघोबानं रात्री खाल्ली. सकाळी त्यानं सांगितलं, "मिठाची होती." अंकुशच्या स्वप्नात त्या दिवशी सण होता, हे त्यानं राघोबाला सांगितलंच नव्हतं. गावाकडे आई सणावारी भाकरीत मीठ घालायची. त्या दिवसापासून ते स्वप्नं नीट ठेवू लागले. उठायच्या आधी अंकुश मला घट्ट अंगाभोवती घ्यायचा, जसं कुणी भांड्यावर झाकण ठेवावं.

शुक्रवारी मात्र पंचाईत. दोघंही घरी आणि मी एक. "तू घे." "न्हाई, तू घे." शेवटी दोघंही अर्धे अर्धे उघडे झोपत आणि त्या रात्री स्वप्न कुणालाच धड पडत नसे.

अशा एका शुक्रवारी अंकुश छताकडे बघत म्हणाला, "राघू, आपन खोली बदलू."

"कामून?"

"खिडकी पायजे. दिवसा झोपतो मी, तरी मला दिवस कसा असतो ठावं न्हाई. आन आईला आनू. तीन मान्सं मावतील अशी बगू. मंग जॉबरच्या पाया पडतो. मला बी दिवसपाळी दे म्हनतो."

"मंग दुसरी घोंगडी लागंल."

"लागंल की. आनू."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

परक्या गावात खोली शोधणं सोपं नव्हतं. शुक्रवारी दोघं हिंडत आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर बसून सगळं पुन्हा बोलत, म्हणून मला ठाऊक. एका मालकानं विचारलं, बायका-पोरं आहेत का? नाहीत. मग खोली नाही. दुसऱ्यानं विचारलं, कुठले? भीमेपलीकडचे. ते इंग्रजांचे लोक, उद्या भाडं न देता नदी ओलांडून गेले तर धरायचं कुठं? तिसऱ्यानं खोली दाखवली, पण ती अर्धी कडब्यानं भरलेली. कडबा निघणार नव्हता. राघोबा त्याला म्हणाला, "भाडं बैलाकून घ्या मंग." ती खोलीही गेली.

मग सिद्धम्माचं घर सापडलं. सिद्धम्मा लिंगायत बाई, नवरा वारलेला, गळ्यात चांदीच्या लहानशा डबीत लिंग, आवाज नळावर भांडायला पुरेल एवढा. मागच्या अंगणात तिची एक खोली होती. शाहाबादी फरशीची जमीन आणि पूर्वेला खिडकी.

"बायका न्हाईत म्हनं?" तिनं विचारलं.

"आई येनार हाय," अंकुश म्हणाला.

"आई म्हंजे बाईच की. बरं. आमच्या अंगनात मांस-मच्छी शिजवायचं न्हाई. अंडं बी न्हाई."

अंकुश लगेच म्हणाला, "न्हाई शिजवनार." राघोबानं त्याला कोपरानं ढोसलं. "अण्णा, सुकट?"

"सुकट म्हंजे काय तम्मा?" सिद्धम्मानं विचारलं. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात आणि आईला अव्वा.

"काय न्हाई अव्वा. भाजी हाय एक. नदीत उगवती."

सिद्धम्माला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ती भाजी भायेर खाऊन ये. आन चूळ भरून ये."

सगळं ठरलं. जुनी खोली सोडतो म्हणून सांगितलं, तिथं नवे भाडेकरू ठरले. अंकुश दिवसा झोपेना झाला. मला पांघरून पडायचा, पण डोळे उघडे. चूल कुठं मांडायची, आईची वळकटी कुठं, पाण्याचा घडा कुठं, हे तो हवेत बोटानं आखत बसायचा. कधी झोप लागली तर स्वप्नातही तेच. त्याची नदी आता गुलबर्ग्याला वळली होती आणि सिद्धम्माच्या अंगणातून वाहत होती. राघोबा रात्री त्या पाण्यातून चालत जायचा आणि सकाळी फाटकात म्हणायचा, "अण्णा, खोलीत पानी शिरलं, घडा वर ठेव."

मग अंकुशला ताप आला.

पहिल्या दिवशी म्हणाला, झोप नाही म्हणून. मग उतरेना. वैद्यानं मुदतीचा ताप म्हणून सांगितलं, मुदत संपली की उतरेल. आता अंकुश दिवसाही माझ्यात आणि रात्रीही माझ्यात. राघोबा शेजारी उघड्या जमिनीवर पडायचा. त्यानं मला एकदाही आपल्या अंगावर ओढलं नाही. थंडीत कुडकुडत त्याच्या पायाचा अंगठा तेवढा माझ्या कडेखाली घालून ठेवायचा. मी त्या अंगठ्याला धरून होते.

राघोबाला काम सोडून चालणार नव्हतं. गैरहजेरी लागली तर जागा जाईल आणि नव्या खोलीचं सगळं फिसकटेल, हे अंकुशच त्याला सांगायचा. "जा तू. मी झोपायलोय निवांत. माझी झोपायचीच येळ हाय ही." तो जायचा. शेजारची तेलंगीण मधून मधून पाणी पाजायची.

ते दुपारी झालं. बाहेर ऊन होतं, ते खोलीत येत नव्हतं. अंकुश काहीतरी उचलत होता, हात हलत होते. झोपेत होता. मग हात थांबले. मला वाटलं, उचललेलं खाली ठेवलं असेल. मी तशीच त्याच्याभोवती राहिले. ऊब हळूहळू कमी होत गेली आणि मला समजेना, कारण अशी ऊब कमी होणं मी कधी पाहिलंच नव्हतं. मला काय माहीत? मला कुणी गार होऊ दिलंच नव्हतं.

संध्याकाळचा भोंगा झाला. राघोबा फाटकातून बाहेर आला. अंकुश आजारी, तो तिथं नसणार हे त्याला ठाऊक होतं. तरी सवयीनं त्यानं डाव्या खांबाकडे पाहिलं. तिथं किशनराव उभा होता.

राघोबानंच नंतर सिद्धम्माला सांगितलं, "मामा तितं उभा व्हता अव्वा. मी लांबूनच म्हनलो, तितं उभा राहू नगंस. तितून सरक. ती जागा अण्णाची हाय. मामा काय सरकला न्हाई."

अंकुशला माझ्यावर घालूनच ओढ्यावर नेलं. तिथं रीत अशी, गेलेल्याचं अंथरूण-पांघरूण तिथंच टाकून यायचं. पुन्हा घरात आणायचं नाही. किशनराव वाईट माणूस नाही. परमुलखात दहनाची लाकडं त्यानंच जमवली, खांदा देणारे त्यानंच गोळा केले. पण रीत म्हणजे त्याचा कणा. चिता पेटली, मग तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "राघोबा, ती तितं टाक. त्या झुडपाशी."

राघोबानं मला उचलून अंगाभोवती घेतलं.

"टाक म्हनतोय ना. त्याची व्हती ती."

"माझी बी हाय."

"आरं, मेलेल्याचा विटाळ हाय तिला! येड लागलंय का तुला?"

"मामा," राघोबा म्हणाला, "देवाच्या बैठकीला तुमी घोंगडी अंथरता. का? लोकरीला विटाळ न्हाई म्हनता. खंडोबाला चालती ही, आन माझ्या भावाचाच विटाळ व्हतो व्हय तिला?"

खांदेकरी एकमेकांकडे बघायला लागले.  किशनराव खाली बघत म्हणाला, "मंग धू तरी. ओढ्यात बुडवून काढ. येवढं तरी आईक."

"न्हाई धुनार."

"कामून?"

राघोबानं मला आणखी घट्ट ओढून घेतलं. उत्तर मला ठाऊक होतं. अंकुशनं दुपारी जे स्वप्न अर्धं टाकलं होतं ते माझ्यात होतं, आणि पाण्यानं ते गेलं असतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. जुन्या खोलीत नवे भाडेकरू दुसऱ्याच दिवशी येणार होते. आणि सुतकात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. "माझ्याकडं चल," किशनराव म्हणाला, "सुतक फिटंस्तवर ऱ्हा. मंग जा तिकडं." पण मला टाकल्याशिवाय त्याची बायको राघोबाला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती. हेही त्यानं खरं खरं सांगितलं. राघोबा मला घेऊन रस्त्यावर बसला. सामान म्हणजे एक घडा, तवा, दिवा आणि मी.

सिद्धम्मा तिथंच आली. तिला तेलंगिणीनं सांगितलं होतं.

"इतं कामून बसलास तम्मा? खोली झाडून ठेवलीय मी."

"सुतक हाय अव्वा."

"कुनाला?"

"मला."

"मला न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "आमच्यात मरनाचं सुतक धरत न्हाईत. हे लिंग गळ्यात हाय तोवर सुतक कसलं? घर माझं हाय. घराला न्हाई, मंग तुला कुटून? ऊठ. घडा घे आधी. नव्या घरात आधी पानी न्यायचं असतं."

"ते अण्णा नेनार व्हता."

 सिद्धम्मानं तवा उचलला, दिवा उचलला आणि मला उचललं नाही. मला राघोबाच्याच खांद्यावर ठेवलं. घडा त्याच्या हातात दिला. अशी आम्ही नव्या घरात गेलो. पाणी निम्मं वाटेतच सांडलं.

संध्याकाळी किशनराव पिठलं-भाकरी घेऊन आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यानं घास द्यायचा. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. आत आला नाही.

"आत या की मामा," राघोबा म्हणाला.

"न्हाई. तू केलंस ते बरं न्हाई केलंस. पर उपाशी निजू नगंस." आणि टोपली उंबऱ्यावर ठेवून गेला. सुतक फिटेपर्यंत रोज आला आणि रोज बाहेरच उभा राहिला.

राघोबानं मला गुंडाळलं. घट्ट. सुतळीनं बांधलं आणि खुंटीवर ठेवलं. राखेचं मडकं घेऊन तो गावी गेला तेव्हाही मला नेलं नाही. आईनं मला पाहताच धुवायला नेलं असतं. नदीवर विधी करून तो परत आला. आई त्याच्याबरोबर आली नाही, म्हणाली, ज्या गावानं एक घेतला त्या गावचं पाणी मला प्यायचं नाही. त्याला राहा म्हणाली. तो राहिला नाही. "हितं अण्णाचं मशीन हाय," असं त्यानं सिद्धम्माला सांगितलं. जॉबरकडे जाऊन त्यानं अंकुशची रात्रपाळीची जागा मागून घेतली. ज्या पाळीतून सुटायचं म्हणून अंकुश धडपडत होता, तीत राघोबा आपल्या पायानं गेला.

आता तो रात्रभर अंकुशच्या मशीनवर उभा असतो आणि दिवसा झोपायला येतो. पूर्वेच्या खिडकीतून फरशीवर ऊन पडतं. त्या फरशीवर तो उघडाच पडायचा. पौषातली थंडी, खालून फरशी गार. मी खुंटीवर त्याच्या डोक्याशीच असायची. तो माझ्याकडे बघायचा आणि कूस बदलायचा.

मला कळत होतं. त्याला भीती होती. त्यानं मला पांघरलं की अंकुशचं उरलेलं स्वप्न त्याला पडणार. पडलं की पुरं होणार. पुरं झालं की पुढं काही नाही. म्हणून तो मला जपत होता, जशी घरातली शेवटची मूठ पेरणीला ठेवतात. आणि मी खुंटीवर गार होत होते. मला सांगता येत नव्हतं की लोकरीत असं ठेवलेलं टिकत नाही. ऊब लागली तरच ते जिवंत राहतं. गुंडाळून ठेवलेल्या घोंगडीत शेवटी कसरच लागते.

एका सकाळी त्याला हुडहुडी भरली. सिद्धम्मा ताक द्यायला आली तर तो पाय पोटाशी घेऊन पडलेला, दात वाजत होते. तिनं वर पाहिलं.

"घोंगडी खुंटीला आन मानूस गारठायलंय! येडं पोरगं." आणि त्याचं काही ऐकून घ्यायच्या आत तिनं सुतळी तोडली, मला सोडलं आणि त्याच्यावर टाकलं.

"नगं अव्वा, नगं, ती नगं!"

"गप."

तो उठायला गेला. पण अंगात त्राण नव्हतं आणि रात्रभराची पाळी डोळ्यांवर होती. मी त्याच्यावर पडले होते. मी जड आहे. मी उठू दिलं नाही.

झोप लागली. मी श्वास धरून होते. आहे का अजून? की गेलं?

होतं. नदी होती. सिद्धम्माच्या अंगणातून वाहत होती. काठाला अंकुश उभा, दोन्ही हातांत घडा धरून, उचलला होता आणि पुढं नेता येत नव्हता. हेच तो त्या शेवटच्या दुपारी उचलत होता. पाण्यानं भरलेला घडा. आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. एका स्वप्नात दोघं एकाच वेळी होते. राघोबा पाण्यातून धबाधब आला.

"कवापासून उभा हाय मी," अंकुश म्हणाला. "कुटं व्हतास?"

"तू बोलावलं न्हाईस."

"बोलावून कवा आलास तू? धर."

दोघांनी घडा धरला. आत नेला. कोपऱ्यात ठेवला, अंकुशनं आखून ठेवलेल्या कोपऱ्यात. एक थेंब सांडला नाही. अंकुशनं हात धोतराला पुसले, खिडकीपाशी गेला आणि बाहेरचं ऊन बघत उभा राहिला. मग नदी हळूहळू आटली, फरशी कोरडी झाली आणि खोलीत फक्त ऊन राहिलं.

राघोबा उठून बसला. सिद्धम्मा अजून दारातच होती. तो तिच्याकडे बघून रडायला लागला. ओढ्यावर रडला नव्हता, आईपाशी रडला नव्हता, तो आता माझ्यात तोंड खुपसून रडला. ओल्या लोकरीचा वास सुटला, मेंढ्यांचा, नदीकाठचा.

"सपलं अव्वा," तो म्हणाला. "अण्णाचं सपान सपलं."

ती त्याच्याजवळ बसली. 

"सपू दे तम्मा. येवढं रडून घे आन पुन्ना नीज. आता तुझं पडंल."

तो निजला. दुसरं कसलंच स्वप्न पडलं नाही त्याला. नुसती झोप. पण झोप होती.

आता मी कुठं आहे ते सांगून थांबते. मी सिद्धम्माच्या मागच्या खोलीत आहे, खिडकीखाली. माझी खळ पार गेली, मी मऊ पडले, एका कडेला उंदरानं कुरतडलंय. दिवसा राघोबा माझ्यात झोपतो. त्याला हल्ली मशीनची स्वप्नं पडतात, जॉबरची पडतात, एकदा सुकटीचं पडलं आणि सिद्धम्मा काठी घेऊन मागं लागली. भोंगा झाला की तो उठतो आणि जातो. आणि मग रात्रभर मी एकटी असते. ऊब आधी कडांतून जाते, मग मधून. पहाटेपर्यंत मी दगडासारखी गार होते. याची मला सवय नाही. होईल म्हणतात.

मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी कुणी पाळीवर जाणारं असेल, दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात एकाच पांघरुणात पाळीपाळीनं निजणारी भावंडं असतील, तर उठल्यावर घाईनं घडी घालू नका. तसंच पसरून ठेवा. येणाऱ्याला ऊब मिळू द्या. आणि फाटकात भेटलात, तर शिपाई ओरडला तरी ओरडू द्या, थोडं थांबून बोला.

राघोबा येईल आता. सकाळ झाली. येताना त्याचे पाय फार गार असतात.